जुना सिस्टिम डीमन स्नॅपच्या सँडबॉक्समध्ये बसवायचा आहे: पाथ, युजर आणि प्लगिनचं काय करावं?

डेमनदास

मंडळी, एक जुना डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) माझ्याकडे सांभाळायला आला आहे. सी मध्ये लिहिलेला, ऑटोटूल्स या जुन्या साधनांवर बिल्ड होणारा. पावत्या आणि लेबलं छापणाऱ्या लहान यंत्रांची रांग सांभाळणं हे त्याचं काम. काही यंत्रं यूएसबीवर, काही नेटवर्कवर. आता तो उबुंटू कोअरवर, म्हणजे सगळं स्नॅप पॅकेजमधूनच चालवणाऱ्या उबुंटूवर, चालवायचा आहे. तिथे एपीटी (नेहमीची पॅकेजेस बसवणारं साधन) नाहीच, त्यामुळे स्नॅप करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि क्लासिक कन्फाइनमेंट (सँडबॉक्सचं कुंपण नसलेला स्नॅप) कोअरवर चालत नाही म्हणून तीही पळवाट बंद.

स्नॅपक्राफ्टने पॅकेज बनतं. डेव्हमोडमध्ये, म्हणजे कुंपण नुसती नोंद घेतं आणि अडवत नाही तेव्हा, सगळं सुरळीत चालतं. स्ट्रिक्ट, म्हणजे पूर्ण बंदिस्त, केलं की डीमन सुरू होता होताच मान टाकतो. आतापर्यंत दिसलेलं असं: /एटसी मधली कॉन्फिग त्याला सापडत नाही, /रन मध्ये सॉकेट उघडता येत नाही, आणि रूट म्हणून सुरू होऊन तो स्वतःच्या राखीव युजरवर उतरायला जातो तिथे परवानगी नाकारली जाते.

याशिवाय दोन गोष्टी अजून हातातच घेतलेल्या नाहीत. एक म्हणजे तो यूडेव्हचा (उपकरण लावल्यावर काय करायचं ते ठरवणारी यंत्रणा) एक नियम सोबत बसवतो. दुसरी, /यूएसआर/लिब खाली त्याचं फिल्टरचं (छपाईचा मजकूर यंत्राच्या भाषेत बदलणारे प्रोग्राम) फोल्डर आहे आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची पॅकेजेस आपापल्या बायनरी त्यात आणून टाकतात.

यातलं किती काम स्नॅपक्राफ्टला दिलेल्या नुसत्या यॅमल फाइलमध्ये भागेल आणि किती ठिकाणी कोडला हात लावावा लागेल?

(आज्ञा आणि पाथ देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलमध्ये टाकताना रोमनमध्ये टाका म्हणजे झालं.)

सेगफॉल्ट

फ्लॅटपॅक (स्नॅपसारखंच दुसरं सँडबॉक्सवालं पॅकेज) करून पाहिलं का? डेस्कटॉपवर तरी मला ते जास्त सुटसुटीत वाटतं.

रूटलेस

@सेगफॉल्ट, डेस्कटॉपच्या अ‍ॅपसाठी वाटेलच, ते बनलंय त्यासाठी. पण फ्लॅटपॅकमध्ये सिस्टिम सर्व्हिस ही कल्पनाच नाही. बूटच्या वेळी रूट म्हणून काही सुरू करायची सोय नाही. आत बबलरॅप हे त्याचं सँडबॉक्सचं साधन 'नो न्यू प्रिव्हिलेजेस' (नवे अधिकार मिळणार नाहीत) लावून ठेवतं, म्हणून रूटचे अधिकार मागणाऱ्या सुडो किंवा पीकेएक्झेक या आज्ञा आतून चालत नाहीत. प्रोसेसचं नेमस्पेसही वेगळं असतं, त्यामुळे चालू प्रोसेस दाखवणारं एचटॉपसारखं टूल आत टाकलंत तर त्याला स्वतःच्याच चार प्रोसेस दिसतील. 'फाइलसिस्टिम होस्ट' ही परवानगी दिली तरी होस्टचे /यूएसआर आणि /एटसी जागच्या जागी येत नाहीत, /रन/होस्ट खाली येतात.

तिथे चालणारी पद्धत म्हणजे दोन तुकडे करणं. खिडकी फ्लॅटपॅकमध्ये, डीमन होस्टवर, मध्ये डी-बस (प्रोग्रामना एकमेकांशी बोलायची वाट). फ्लॅटहबवरचं ग्नोम फर्मवेअर असंच आहे: फर्मवेअर प्रत्यक्ष लिहिणारं एफडब्ल्यूअपडी होस्टवर असतं, हे फक्त त्याच्याशी बोलतं. डेमनदास यांच्याकडे तर डीमन हाच माल आहे, त्याला होस्टवर ठेवणार कुठे?

आता मूळ प्रश्न. पाथपासून सुरू करू, कारण ते सोपं आहे आणि लोक नेमका तिथेच सगळा वेळ घालवतात.

स्नॅप म्हणजे एक स्क्वॉशएफएस फाइल, दाबून बांधलेली अख्खी फाइलसिस्टिम. ती /स्नॅप/नाव/रिव्हिजन इथे फक्त वाचण्यासाठी माउंट होते. लिहायला दोन जागा मिळतात. स्नॅप_डेटा ही रिव्हिजननुसार वेगळी असते आणि अपडेटच्या वेळी जुनीची प्रत नवीत उतरते. स्नॅप_कॉमन सगळ्या रिव्हिजनना सामाईक. यातली निवड विचार करून करा. कॉन्फिग स्नॅप_डेटामध्ये असेल तर 'स्नॅप रिव्हर्ट' केल्यावर जुन्या बायनरीसोबत जुनी कॉन्फिगही परत येते, हे फार कामाचं आहे. रांगेतल्या कामांचा स्पूल (थांबलेली कामं ठेवायची जागा) मात्र तिथे ठेवू नका. एक तर दर अपडेटला त्या सगळ्याची प्रत होत बसेल, आणि रिव्हर्ट केलंत तर मागेच छापून झालेल्या पावत्या पुन्हा रांगेत उभ्या राहतील.

कोडमध्ये पक्के लिहिलेले पाथ वळवायला 'लेआउट्स' आहेत: यॅमलमध्ये लिहायचं की /एटसी/अमुक हे फोल्डर स्नॅप_डेटामधल्या अमुकवर बाइंड कर. डीमनला वाटतं आपण /एटसी मधूनच वाचतोय. पण /रन, /व्हार/रन, /टेम्प, /डेव्ह, /प्रॉक, /सिस, /होम यांच्यावर लेआउट चालत नाही, आणि मुळाशी नवं फोल्डरही काढता येत नाही. म्हणजे तुमचा /रन मधला सॉकेट लेआउटने सुटणार नाही.

मी लेआउट्सच्या नादी लागलोच नसतो. ऑटोटूल्स आहे ना? मग कॉन्फिगर करतानाच प्रीफिक्स (बसवायची जागा) /स्नॅप/नाव/करंट द्या, सिसकॉन्फडिर (कॉन्फिगची जागा) /व्हार/स्नॅप/नाव/करंट खाली आणि लोकलस्टेटडिर (बदलत्या डेटाची जागा) /व्हार/स्नॅप/नाव/कॉमन खाली द्या, आणि बिल्डनंतर 'ऑर्गनाइझ' वापरून फाइली स्नॅपच्या मुळाशी आणा. कोडची एक ओळही बदलत नाही. काही डिस्ट्रोंवर स्नॅप /व्हार/लिब/स्नॅपडी/स्नॅप मध्ये माउंट होतात, तिथे काय, असं कोणी विचारेल. स्ट्रिक्ट स्नॅपला स्वतःचं माउंट नेमस्पेस असतं आणि त्याच्या आत /स्नॅप असतोच, त्यामुळे फरक पडत नाही.

खिडकीबंद

युजर बदलण्याचं मी सांगतो, त्यात बऱ्यापैकी हात पोळलेत.

स्नॅपमधला डीमन रूट म्हणून सुरू होतो, पण तो हातपाय बांधलेला रूट. सेककॉम्पची (कर्नलला केलेले कॉल गाळणारी चाळणी) यादी सेटयूआयडी (युजर बदलणं) आणि चाऊन (फाइलचा मालक बदलणं) हे कॉल पूर्ण बंद करत नाही, त्यांचे आर्ग्युमेंट तपासते. रूटवरून रूटवर जायला हरकत नाही, पण तुमच्या पॅकेजने एरवी 'अ‍ॅडयुजर' करून बनवलेल्या युजरवर जाऊ देणार नाही. मुळात स्नॅपला होस्टवर हवा तो युजर बनवताच येत नाही.

त्यासाठी 'सिस्टिम-युजरनेम्स' खाली स्नॅप_डीमन हा सामाईक युजर मागता येतो. यूआयडी (युजरचा क्रमांक) ५८४७८८, सगळीकडे तोच. तो मागितला की त्याच्यावर उतरणारे कॉल चालतात. पुढे याच कामासाठी _डीमन_ नावाचा दुसरा युजरही आला.

खरी मेख सेटग्रुप्समध्ये आहे. जवळजवळ प्रत्येक जुना डीमन युजर बदलण्याआधी इनिटग्रुप्स बोलावतो आणि तो आतून सेटग्रुप्सला ग्रुपची यादी देतो. स्नॅप फक्त रिकामी यादी चालवून घेतो. म्हणजे 'सगळे जादा ग्रुप सोड' म्हणा, हरकत नाही. 'हे ग्रुप दे' म्हटलंत की नकार. तुमचा डीमन बहुधा इथेच मरतोय.

तीन वाटा आहेत. कोडमध्ये ती ओळ बदलणं ही सगळ्यात स्वच्छ. दुसरी, रूटची गरजच नसेल तर रॅपर स्क्रिप्टमध्ये सेटप्रिव्ह वापरून आधीच उतरणं: 'क्लिअर-ग्रुप्स', 'रीयूआयडी स्नॅप_डीमन', 'रीजीआयडी स्नॅप_डीमन', आणि मग डीमन. तिसरी म्हणजे एलडी_प्रीलोड लावून, म्हणजे आपली लायब्ररी आधी घुसवून, इनिटग्रुप्सच्या डोळ्यांत धूळ फेकणं. चालते. पण सहा महिन्यांनी तो कोड उघडणाऱ्याला ती का आहे हे कळणार नाही, आणि तो उघडणारा बहुतेक तुम्हीच असाल.

डेमनदास

@खिडकीबंद, अगदी बरोबर! एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) लावून पाहिलं, इनिटग्रुप्सच होता. 'स्नॅप रन'ला थेट एसट्रेसचा पर्याय आहे हे ठाऊक नव्हतं, नाहीतर आधीच पकडला असता. कोडमध्ये ग्रुपची यादी रिकामी केली, पुढे सरकला.

@रूटलेस, प्रीफिक्सची युक्ती चालली. सॉकेट आता /व्हार/स्नॅप/नाव/कॉमन/रन मध्ये आहे. क्लायंट त्याच स्नॅपमध्ये असल्याने त्यांनाही तोच पाथ कंपाइल होऊन मिळाला.

राहिले यूडेव्ह आणि फिल्टर.

शून्य_परवानगी

मला एक कळत नाही. एवढा खटाटोप कशासाठी? लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमध्येच 'प्रोटेक्टसिस्टिम स्ट्रिक्ट', 'प्रायव्हेटटेम्प', 'डायनॅमिकयुजर', 'सिस्टिमकॉलफिल्टर' सगळं आहे. युनिट फाइलमध्ये दहा ओळी लिहा, 'सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ सिक्युरिटी' चालवून उरलेली भोकं बघा. इमेज म्हणूनच द्यायचं असेल तर २०१८ पासून पोर्टेबल सर्व्हिसेस आहेत. कुठलंही स्टोअर नाही, कुणाची परवानगी नाही. आणि स्नॅपचं स्ट्रिक्ट हे अ‍ॅपआर्मर ही कर्नलमधली पहाऱ्याची यंत्रणा असेल तरच पुरतं स्ट्रिक्ट. एसईलिनक्सवाल्या (त्याऐवजी दुसरी पहाऱ्याची यंत्रणा वापरणाऱ्या) डिस्ट्रोवर 'स्नॅप डिबग कन्फाइनमेंट' चालवून बघा, 'पार्शल' असं उत्तर येईल. मग मिळवलं काय?

रूटलेस

@शून्य_परवानगी, साध्या सर्व्हरसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. डिस्ट्रोचं पॅकेज असेल आणि ते कडक करायचं असेल तर युनिट फाइलच बरी. पण धागाकर्त्याला उबुंटू कोअरवर जायचंय, तिथे हा पर्याय हातात नाही. 'पार्शल'चा मुद्दाही खराच आहे, फक्त कोअरवर तो लागू होत नाही.

दुसरं असं की सिस्टिमडीची कुलपं डीमनच्या मालकाने स्वतः लावलेली असतात. उद्या त्यालाच अडचण झाली तर तो ती काढून टाकतो, वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. स्नॅपमध्ये नुसता प्लग, म्हणजे कोणत्या इंटरफेसची परवानगी हवी ते, लिहून भागत नाही. नेटवर्क आणि नेटवर्क-बाइंड आपोआप जोडले जातात. हार्डवेअर-ऑब्झर्व्ह, रॉ-यूएसबी, ब्लॉक-डिव्हायसेस यांसाठी मशीनच्या मालकाने 'स्नॅप कनेक्ट' करायचं, किंवा स्टोअरकडून आपोआप जोडणीची मंजुरी मिळवायची. कटकट आहे, पण ती मुद्दाम ठेवलेली आहे.

शून्य_परवानगी

मालक कनेक्ट करताना वाचतो थोडंच. इंटरनेटवरून ओळ उचलतो आणि चिकटवतो. पण ठीक, कोअर असेल तर माझा आक्षेप मागे.

कागद_अडकला

फिल्टरच्या फोल्डरबद्दल कोणी बोललं नाही अजून, आणि माझ्या मते या धाग्यातला तोच एक अवघड प्रश्न आहे. बाकीचं आज ना उद्या सुटतंच. पाथ तुमचे असतात, युजर तुमचा असतो. ते फोल्डर मात्र इतरांचं आहे, तुम्ही फक्त जागा दिली होती. स्नॅपमध्ये ती जागाच जाते. स्क्वॉशएफएस वाचण्यापुरता, त्यात दुसरं पॅकेज काही टाकू शकत नाही. स्नॅप_कॉमनमध्ये फोल्डर काढून 'इथे टाका' म्हणालात तरी दुसऱ्या स्नॅपला तिथे पोचता येत नाही. कंटेंट इंटरफेसने दोन स्नॅपमध्ये फाइली वाटता येतात, पण मग कुणाही कंपनीची बायनरी तुमच्या सँडबॉक्समध्ये, तुमच्या परवानग्या घेऊन धावणार. तिला हव्या असलेल्या लायब्ररी तुमच्या बेसमध्ये (स्नॅपखालच्या मूळ सिस्टिममध्ये) असतीलच असंही नाही.

तुमच्याआधी हुबेहूब याच पेचातून कप्स, म्हणजे लिनक्सची छपाईची व्यवस्था, गेलंय. छपाईचीच गोष्ट असल्याने तुम्हाला जवळची वाटेल.

कप्समध्ये वर्षानुवर्षं ड्रायव्हर म्हणजे एक पीपीडी फाइल (प्रिंटरचं वर्णन) आणि एक फिल्टर. दोन्ही कप्सच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकायच्या. ओपनप्रिंटिंगचे टिल कॅम्पेटर यांनी कप्सचा स्नॅप करायला घेतला तेव्हा ही पद्धत चालणारच नव्हती. उपाय म्हणून फोल्डरला पर्यायी फोल्डर शोधलं नाही, ड्रायव्हरची व्याख्याच बदलली. आता ड्रायव्हर हा स्वतंत्र प्रोग्राम असतो, त्याला प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन म्हणतात. एका बाजूने तो खऱ्या प्रिंटरशी त्याच्या भाषेत बोलतो. दुसऱ्या बाजूने तो लोकलहोस्टवर आयपीपी (छपाईचा नेटवर्क प्रोटोकॉल) प्रिंटर असल्याचं सोंग घेतो. कप्सला वाटतं नेटवर्कवर एक ड्रायव्हर न लागणारा प्रिंटर आहे. असे प्रोग्राम लिहायला कप्सचे मूळ लेखक मायकेल स्वीट यांनी पॅपल ही लायब्ररी बनवली. गुटेनप्रिंट, घोस्टस्क्रिप्ट, एचपीलिप यांचे जुने ड्रायव्हर अशा प्रिंटर अ‍ॅप्लिकेशनच्या रूपात स्नॅप स्टोअरमध्ये आलेत.

परिणाम बघा. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या सँडबॉक्समध्ये, स्वतःच्या लायब्ररी घेऊन. एक कोसळला तर रांग कोसळत नाही. कप्सला ड्रायव्हरचं नावही माहीत असायची गरज नाही. आणि हे स्नॅपपुरतं राहत नाही, तेच प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन साध्या पॅकेजमधूनही चालतं.

म्हणून माझं मत: फोल्डर बंद करा, सॉकेट उघडा. फिल्टरसाठी एक छोटासा प्रोटोकॉल ठरवा आणि प्रत्येक कंपनीचा फिल्टर आपापल्या स्नॅपमध्ये वेगळा डीमन म्हणून चालू दे. तुमची यंत्रं आयपीपीत बसत असतील तर नवा प्रोटोकॉलही नको, पॅपलच घ्या.

डेमनदास

@कागद_अडकला, हे वाचून थोडा गारच पडलो. म्हणजे पॅकेजिंगचं काम म्हणून घेतलं होतं आणि आता आर्किटेक्चर बदलायचं.

कंपन्यांचे फिल्टर मोजकेच आहेत. तेवढे माझ्याच स्नॅपमध्ये कोंबून दिले तर?

कागद_अडकला

त्यांचं लायसन्स तशी परवानगी देत असेल आणि यादी वाढणार नसेल तर सुरुवातीला कोंबा, पाप नाही. पण मग प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक दुरुस्तीसाठी तुम्हीच नवी रिव्हिजन काढत बसणार, आणि एका यंत्रासाठी लागणारी रॉ-यूएसबी परवानगी सगळ्या फिल्टरना मिळणार. कोंबा, पण त्यांना वेगळ्या प्रोसेस म्हणून सॉकेटवरूनच बोलावा. पुढे बाहेर काढताना फक्त पत्ता बदलेल.

कप्सलाही हे रात्रीत जमलं नाही. कप्स स्नॅप बराच आधी तयार होता, उबुंटू २३.१० मध्ये डेस्कटॉपवर तोच द्यायचा बेत होता, तो पुढे ढकलला गेला.

सेगफॉल्ट

बाळबोध प्रश्न असेल, पण विचारतो. डीमन सँडबॉक्समध्ये गेला हे ठीक. पण त्याच्या सॉकेटवर दुसरा एखादा स्नॅप आला आणि म्हणाला 'रांग पुसून टाक', तर? रूट म्हणून चालणाऱ्या क्लायंटला नाही म्हणायचं कसं?

कागद_अडकला

बाळबोध अजिबात नाही, हाच प्रश्न कप्सलाही पडला होता. युनिक्सचं जुनं गणित असं की समोरचा कोण आहे हे यूआयडीवरून ओळखायचं. स्नॅपच्या जगात यूआयडी पुरत नाही. तुमच्याच युजरखाली दहा स्नॅप चालू असतात आणि त्यांच्यावरचा विश्वास सारखा नसतो.

कप्सने दोन इंटरफेस ठेवले. 'कप्स' म्हणजे फक्त छापा, 'कप्स-कंट्रोल' म्हणजे प्रिंटर जोडा, काढा, रांगा बदला. क्लायंट सॉकेटवर आला की कप्सडी (कप्सचा डीमन) कर्नलला त्याचं अ‍ॅपआर्मर लेबल विचारतो. लेबल स्नॅपचं असेल तर त्या स्नॅपला कप्स-कंट्रोल जोडलेलं आहे का हे स्नॅपडीकडून (स्नॅप सांभाळणारा डीमन) तपासतो. नसेल तर व्यवस्थापनाची कामं नाकारतो. २.४ पासून हे कप्सच्या मूळ कोडमध्येच आहे. तुमच्या स्नॅपमध्ये हेच करायचं तर 'स्नॅपसीटीएल इज-कनेक्टेड'ला ते लेबल देऊन विचारता येतं.

गंमत पुढे आहे. होस्टवर आधीपासून साधा कप्स असेल तर कप्स स्नॅप प्रॉक्सी होऊन बसतो. होस्टचा कप्स ही तपासणी करेल याची खात्री नसते, म्हणून स्नॅपमधल्या अ‍ॅपना त्याच्याशी थेट बोलू द्यायचं नाही. मधला दरवाजा म्हणून स्नॅप उभा राहतो आणि छपाईची कामं तेवढी पुढे सरकवतो.

खिडकीबंद

यूडेव्हचं राहिलं. स्नॅपमधून स्वतःचा यूडेव्ह नियम बसवता येत नाही. रॉ-यूएसबी जोडलं की स्नॅपडी स्वतःच नियम लिहितो आणि डिव्हाइस सीग्रुपमध्ये (प्रोसेसला कोणती उपकरणं वापरता येतात ते ठरवणारी मर्यादा) ती उपकरणं उघडतो. 'यंत्र लावताच अमुक स्क्रिप्ट चालव' असं तुमचा नियम करत असेल तर ते काम डीमनच्या आत घ्या: लिबयूडेव्हने घटना ऐका आणि तिथेच हाताळा. हार्डवेअर-ऑब्झर्व्हही लागेल बहुतेक.

असंच न जमणाऱ्या गोष्टींत लॉगिन तपासणारी पॅम मॉड्यूल, होस्टला दिसणारी मॅन पेजेस आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या फाइली येतात. क्रॉनऐवजी यॅमलमध्ये 'टायमर' लिहिता येतो. लॉगरोटेटच्या मागे लागू नका, स्टँडर्ड आउटपुटवर लिहा, जर्नलमध्ये जातं आणि 'स्नॅप लॉग्ज'ला दिसतं.

रूटलेस

दोन गोष्टी तपासणीबद्दल.

डेव्हमोडमध्ये चाललं याला काही अर्थ नाही, पण डेव्हमोडचे लॉग सोन्यासारखे आहेत. तिथे अ‍ॅपआर्मर अडवत नाही, फक्त 'अलाउड' लिहून ठेवतो. त्या ओळी म्हणजे स्ट्रिक्टमध्ये कुठे कुठे आपटणार याची यादी. स्नॅपी-डिबग नावाचा स्नॅप त्या वाचून कोणता इंटरफेस हवा हेही सुचवतो. सुचवेल ते सगळं जोडू नका मात्र. बऱ्याच नकारांनी काही बिघडत नाही, एखादी लायब्ररी सवयीने /प्रॉक मध्ये डोकावते, नकार मिळाला की गप्प पुढे जाते.

दुसरं, रिफ्रेश. स्नॅपडी दिवसातून चार वेळा अपडेट बघतो आणि नवं आलं की तुमची सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करतो. अर्धी पावती छापून झालेली असताना हे झालं तर? प्री-रिफ्रेश हुकमध्ये (अपडेटआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) रांग थांबवा आणि चालू काम संपू द्या, पोस्ट-रिफ्रेशमध्ये पुन्हा उघडा. 'रिफ्रेश-मोड एंड्युअर' लिहिलं तर सर्व्हिस रिस्टार्टच होत नाही, पण मग जुनी बायनरी आणि नवी रिव्हिजन असा संसार सांभाळावा लागतो. मालकाला हवं तर तो 'स्नॅप रिफ्रेश'ला 'होल्ड' देऊन अपडेट अडवू शकतो.

डेमनदास

सगळ्यांचे आभार. सध्याचा हिशोब असा: पाथ आणि युजर झाले. यूडेव्हचा नियम काढून लिबयूडेव्ह घातलं, हार्डवेअर-ऑब्झर्व्ह जोडल्यावर घटना ऐकू येतात. मोजके फिल्टर सध्या माझ्याच स्नॅपमध्ये ठेवतोय, पण वेगळ्या प्रोसेस म्हणून, युनिक्स सॉकेटवर. आयपीपीचं अजून ठरलं नाही, दोन यंत्रांना कागदाची लांबी छापता छापता ठरवायची असते, ते त्यात कसं मांडायचं ते बघतोय.

एक शेवटचं: इन्स्टॉल हुकमध्ये मूळ कॉन्फिग स्नॅप_डेटामध्ये कॉपी करतोय. पुढच्या आवृत्तीत कॉन्फिगला नवे पर्याय आले तर जुन्यांकडे ते पोचणार कसे? इन्स्टॉल हुक तर एकदाच चालतो.

खिडकीबंद

पोस्ट-रिफ्रेश हुकमध्ये. पण अख्खी फाइल वापरणाऱ्याच्या हातात देऊ नका. मूळ मूल्यं स्नॅपच्या आतल्या, न बदलणाऱ्या फाइलमधून वाचा आणि स्नॅप_डेटामध्ये फक्त त्याने बदललेलं ठेवा. 'स्नॅप सेट'ने आलेली मूल्यं कॉन्फिगर हुकमध्ये तपासून तिथे लिहायची. हुकने शून्य सोडून दुसरा कोड परत केला की 'स्नॅप सेट' स्वतःच नाकारला जातो, त्यामुळे चुकीचं मूल्य डीमनपर्यंत पोचतच नाही.